दार लागल्यावर पहिला मी बोललो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मागच्या पंधरवड्यात धुळ्याच्या एका वाचकांचे पत्र आले होते. फौजदारी खटले वर्षानुवर्षे पडून राहतात, तेव्हा पुन्हा ज्युरी आणावी, गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी बसून निकाल द्यावा, 'पाचामुखी परमेश्वर' ही आपलीच म्हण आहे, असा त्यांचा सूर होता. त्यावर आणखी दोन पत्रे आली, एक बाजूने आणि एक विरोधात. तिन्ही वाचली. तिघांपैकी कोणीही ज्युरीच्या खोलीत बसलेले दिसत नाही. मी बसलो आहे, म्हणून लिहितो. पत्र लांबले तर कात्री लावा, पण शेवटचा भाग ठेवा.

मी अमळनेर तालुक्यातला, बोरीकाठच्या एका गावचा. १९८९ साली नोकरीसाठी अमेरिकेत गेलो. न्यू जर्सीत औषधांच्या कारखान्यात वजनकाटे, दाबमापके, तापमापके दुरुस्त करण्यात तीस वर्षे गेली आणि २०१९ च्या दिवाळीत कायमचा गावी आलो. मधल्या काळात तिथले नागरिकत्व घेतले होते. ते घेतले की एक ना एक दिवस ज्युरी ड्यूटीचे पत्र दारात येतेच. माझे २०१३ मध्ये आले.

आधी एक दुरुस्ती. नानावटी खटल्याने ज्युरी एका रात्रीत गेली, असे पत्रलेखक म्हणतात. आपल्याकडे सगळेच तसे म्हणतात. पण विधी आयोगाने आपल्या १४व्या अहवालात, म्हणजे १९५८ सालीच, ज्युरी बंद करावी अशी शिफारस केलेली होती. नौदलातल्या कमांडर कावस नानावटींनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या २७ एप्रिल १९५९ ला. मुंबईच्या सेशन कोर्टात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. त्यानंतरही ज्युरी काही ठिकाणी चालूच होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा ठेवली नाही आणि १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता लागू झाली. पारशी विवाहाच्या न्यायालयात तेवढे आजही ज्युरीसारखे डेलिगेट बसतात.

त्या खटल्यातली एक बाब मात्र सहसा कोणी सांगत नाही. वरच्या कोर्टांनी नुसती ज्युरीला नावे ठेवली नाहीत. ज्युरीला कायदा समजावून देताना न्यायाधीशांकडूनही महत्त्वाचे सांगायचे राहून गेले, कोणती गोष्ट सिद्ध करण्याचा भार कोणावर हे नीट उलगडले गेले नाही, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे नऊ माणसांना आत पाठवताना शिदोरीच अपुरी बांधून दिली होती. मला शिदोरी भरपूर मिळाली होती. तरी मी चुकलो.

आमच्या घरात हे काम मला पहिल्यांदा आले असे नाही. आजोबा असेसर होते. हा शब्द आता वकिलांच्या पोरांनाही ठाऊक नसतो. जिथे ज्युरी नसे तिथे सेशनच्या खटल्यात न्यायाधीशांच्या जोडीला असेसर बसत. पुरावा संपला की न्यायाधीश एकेकाला तोंडी मत विचारत आणि ते मानायला बांधील नसत. १९५५ च्या दुरुस्तीने असेसर गेले. आजोबा भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून, पागोटे घालून जळगावला जात. त्यांची गोष्ट ठरलेली होती. 'साहेबानं मला विचारलं, मी म्हटलं, सुटला पाहिजे. साहेबानं मान डोलावली अन् जन्मठेप दिली.' हे सांगून ते इतके हसत की हुक्का बाजूला ठेवावा लागे.

तर माझा खटला. रात्री अकराच्या सुमारास एका पेट्रोलपंपाच्या दुकानात एक जण शिरला, गल्ल्यावरच्या माणसाला धमकावून पैसे घेऊन गेला, आणि महिन्याभराने एका तरुणाला पकडले. याहून जास्त सांगणार नाही. निकाल लागल्यावर न्यायाधीशांनी आम्हाला सांगितले होते की आता तुम्ही बोलू शकता, न बोलण्याचाही तुम्हाला हक्क आहे. मी माझ्यापुरते असे ठरवले की आत मी काय बोललो आणि कुठे चुकलो तेवढे सांगायचे. बाकी अकरा जणांचे बोलणे ही ठेव आहे. ते दार बंद आहे या भरवशावर बोलले होते.

निवड होताना प्रश्नांचा भडिमार असतो. घरात कोणी पोलिसात आहे का, तुमच्याकडे कधी चोरी झाली का, आरोपीने साक्ष दिली नाही तर तुम्ही ते त्याच्या विरुद्ध धराल का. तो पेट्रोलपंप माझ्या कामाच्या वाटेवरचा होता, ते मी तिथेच सांगितले. न्यायाधीशांनी विचारले, तुमच्या डोक्यात असलेली ती जागा बाजूला ठेवून, इथे जे ऐकाल-पाहाल तेवढ्यावरच ठरवू शकाल का? मी म्हटले, हो. किती सहज म्हटले!

खटला नऊ दिवस चालला. पहिले तीन दिवस रोज पाच डॉलर, पुढे चाळीस. पाच डॉलरमध्ये तिथे पार्किंगही मिळत नाही. सूचना रोज सकाळ-संध्याकाळ त्याच: खटल्याबद्दल कोणाशी बोलू नका, आपसातही नाही, इंटरनेटवर काही शोधू नका, ती जागा पाहायला जाऊ नका. आपसातही बोलायचे नाही हे मला फार चमत्कारिक वाटे. चौदा माणसे दुपारी एका टेबलावर जेवतात आणि बेसबॉल, बर्फ, पोरांच्या शाळा यांवर बोलतात, ज्यासाठी बोलावले आहे तेवढे सोडून. मी कामावर जायची नेहमीची वाटही बदलली होती. पंप टाळून लांबच्या रस्त्याने जायचो, बारा मिनिटे जास्त लागायची.

खरा त्रास घरी होता. पहिल्या संध्याकाळी बायकोने विचारले, 'कसली केस आहे?' म्हटले, सांगता येत नाही. तिला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले, तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'मला सांगितलं तर काय वॉशिंग्टनला कळणार आहे?' आणि चौथ्या दिवसापासून ताटात फक्त वाढायची, बोलायची नाही. तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट. आमच्याकडे नवऱ्याने नऊ दिवस काहीतरी लपवले म्हणजे दुसरे काय असणार, हे तिच्या माहेरच्या बायकांनी फोनवर ठरवूनही टाकले होते.

युक्तिवाद संपले. न्यायाधीशांनी कायदा समजावला, दीड तास लागला. मग कारकुनाने आमच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्यांची पेटी फिरवून दोन चिठ्ठ्या काढल्या. ज्यांच्या निघाल्या ते दोघे राखीव, त्यांनी वेगळ्या खोलीत बसायचे. उरलो बारा. पहिल्या खुर्चीवरचा तो फोरमन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख. आत जाताना फोन काढून घेतले, दाराबाहेर शपथ घेतलेला शिपाई बसला.

जाण्याआधी न्यायाधीशांनी जे वाचून दाखवले त्याचा आशय मला अजून पाठ आहे. एकमेकांशी बोला, एकमत होते का पाहा, पण स्वतःच्या विवेकावर जबरदस्ती करून नव्हे. आपले चुकले असे पटले तर मत बदलायला कचरू नका. पण बाकीचे वेगळे म्हणतात म्हणून, किंवा एकदाचा निकाल लागावा म्हणून, प्रामाणिक मत सोडूही नका. तुम्ही कोणाच्या बाजूचे नाही, वस्तुस्थितीचे न्यायाधीश आहात.

दार लागले. पाण्याची बाटली उघडायच्या आत मी बोललो, 'मला तरी हे सरळ प्रकरण दिसतं. यानेच केलंय.'

मी वयाने तिथे सगळ्यांत मोठ्या दोघा-तिघांपैकी होतो, तांत्रिक कामातला होतो, नऊ दिवस टिपणे घेतली होती. वाटले, वेळ वाचेल. पण माझे वाक्य टेबलावर पडले आणि मला ते उचलता येईना. पुढचा दीड दिवस मी पुरावा पाहिलाच नाही. मी माझे वाक्य सांभाळत होतो. कोणी काही म्हणाले की माझ्या वाक्याला ते कुठे लागते एवढेच ऐकू यायचे. एकाला तर मी दोन वेळा मध्येच तोडले. तो मुळात हळू बोलणारा, तिसऱ्यांदा बोललाच नाही. आणि मला बरे वाटले, हे लिहायला लाज वाटते पण खरे आहे.

आजोबांच्या वेळी साहेब एकेकाला विचारायचे. इथे विचारणारे कोणी नव्हते, आणि ज्याला घाई तो आधी बोलला.

मग ती जागा तोंडातून निसटली. साक्षीदाराला चेहरा दिसला असेल का यावर बोलणे चालले होते. मी म्हटले, 'तिथे कोपऱ्यावर उजेड कमीच असतो, मी रोज…' आणि थांबलो. खोलीत कोणी काही बोलेना. गंमत पाहा, हे वाक्य माझ्याच मताच्या विरुद्ध जात होते, आरोपीच्या सोयीचे होते. तरी ते बोलणे चूकच. त्या कोपऱ्यावरच्या दिव्याबद्दल कोर्टात कोणी शपथेवर काही सांगितले नव्हते. त्या साक्षीची उलटतपासणी कोण करणार? मी ज्युरीतून उठून, शपथ न घेता, साक्षीदार होऊन बसलो होतो. शिवाय मी तिथून जायचो संध्याकाळी सहाला, आणि गुन्हा घडला रात्री अकराला.

फोरमनने चिठ्ठी लिहिली, शिपायाकडे दिली. मला एकट्याला कोर्टात बोलावले. न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, आरोपी, सगळे बसलेले. काय बोललात, नेमके शब्द सांगा. किती जणांनी ऐकले? त्यावर कोणी काही भर घातली? आता ते बाजूला ठेवू शकता का? शेवटच्या प्रश्नाला मी या वेळी 'हो' म्हणायला वेळ घेतला. मला ठेवले. बाराही जणांना बसवून न्यायाधीशांनी सांगितले की ते वाक्य ऐकलेच नाही असे समजा. सगळे मिळून चाळीस मिनिटे गेली असतील. माझी मान चाळीसही मिनिटे खाली होती.

तुम्ही म्हणाल, मग माणसाचा अनुभव काय उंबऱ्यावर ठेवून जायचा? नाही. जगात वावरताना जी समज आलेली असते तीच तर न्यायची असते, नाहीतर बारा माणसे कशाला हवीत. फक्त अनुभवाने पुरावा तोलायचा, अनुभव पुराव्यात ओतायचा नाही. हे लिहायला सोपे आहे. माझ्या हातात ते जाकीट आले तेव्हा कळले किती अवघड आहे.

करड्या रंगाचे टोपीचे जाकीट होते, कागदी पिशवीत, वर क्रमांकाची चिठ्ठी. गल्ल्यावरच्या माणसाने सांगितले होते की चोराच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली होती. मी चेन वर ओढली. छातीच्या मध्यापर्यंत आली आणि अडकली. पुन्हा ओढली, पुन्हा तिथेच. एक दात वाकलेला होता, अंगठ्याला लागत होता. आयुष्यभर असल्याच बारीक वस्तू दुरुस्त केलेला मी. असा दात कधी वाकतो, धुण्याच्या यंत्रात की ओढाताणीत, यावर व्याख्यान अगदी जिभेवर आले होते. गिळले. फोरमनला म्हटले, चेन केव्हापासून बिघडलेली होती यावर कोणी काही सांगितले होते का, एवढे विचारू या.

चिठ्ठी गेली. उत्तर देण्यासाठी पुन्हा सगळ्यांना कोर्टात बसवले. तिथे न्यायाधीश एकट्या ज्युरीला दाराआड काही सांगत नाहीत, दोन्ही वकिलांसमोरच सांगतात. म्हणाले, साक्षीत काय आले ते तुम्हीच आठवायचे, मी सांगणार नाही, हवी ती साक्ष पुन्हा ऐकवू शकतो. जाकीट जप्त करणाऱ्या पोलिसाची साक्ष लावली. पाऊण तासाची. त्यात एकच वाक्य होते, जप्तीच्या वेळच्या चेनच्या अवस्थेबद्दल, जे आम्हा बाराही जणांच्या डोक्यातून पार गेलेले होते. माझ्या टिपणांतही नव्हते, आणि त्या पानावर मी काय लिहिले होते तर पोलिसाच्या बुटांचा रंग.

त्यानंतर आम्ही वेगळ्या रीतीने बसलो. मी सगळ्यांची माफी मागितली, विशेषतः ज्याला तोडले होते त्याची. मग मत कोणी सांगायचे नाही, फक्त सरकार पक्षाने सिद्ध करायच्या बाबी एकेक करून घ्यायच्या, प्रत्येकीला कोणता पुरावा आहे ते पाहायचे, आणि बोलायला दर वेळी दुसऱ्या खुर्चीपासून सुरुवात करायची. माझा नंबर शेवटून दुसरा-तिसरा यायला लागला. इतरांचे ऐकता ऐकता माझे मत बदलले. एकदा नाही, दोनदा.

शेवटी काय झाले, असे आपण विचाराल. माझी मुलेही विचारतात. ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की वाचणारे 'म्हणजे बरोबर केलंत' किंवा 'म्हणजे सोडून दिलंत' असे म्हणून त्या निकालावरून आमच्या बसण्याला गुण देतील. बाराही जण एका निकालावर आले, एवढे पुरे.

धुळ्याच्या पत्रलेखकांना माझे एक विचारणे आहे. आपण ज्युरी म्हणता ती एकमताची की बहुमताची? इंग्लंडमध्ये १९६७ पासून बारांपैकी दहांचेही चालते. अमेरिकेत गंभीर गुन्ह्याला आता सगळीकडे एकमतच लागते, दोन राज्यांत बहुमत चाले तेही २०२० मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने थांबवले. आपल्याकडे बहुमताची रीत होती. लोकमान्यांचा १९०८ चा खटला आठवा. नऊ जण, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन. दोषी, सहा वर्षे, मंडाले. त्यावर टिळक जे बोलले ते मुंबई हायकोर्टात कोरून ठेवलेले आहे. मला प्रश्न त्या दोघांचा पडतो. सात जणांची मोळी एकदा बांधली गेली की त्या दोघांशी बोलायचे तरी कशाला? एकमत लागणार असते तर निदान त्यांच्यासमोर बसून त्यांचे ऐकणे भाग पडले असते. पटवता आले नसते तर निकालच लागला नसता. माझ्या खटल्यात तो हळू बोलणारा माणूस मोलाचा ठरला तो त्या नियमामुळे, माझ्या चांगुलपणामुळे नव्हे.

आता गावचे. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते हे.

आमच्या गावात तंटामुक्ती समिती आहे. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासूनची. बांधाचे, वाटणीचे, नवरा-बायकोचे पुष्कळ तंटे तिने मिटवले, त्याबद्दल आदर आहे. मी समितीत नाही, माझ्या नागरिकत्वामुळे ते बसणारही नव्हते, पण बैठकीला बोलावतात. दोन वर्षांपूर्वी चैत्रात एका विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली. कापून नेतात, रबर जाळतात आणि तांबे भंगारात घालतात, शेतकरी वाचकांना हे सांगायला नको. तीन महिन्यांत गावातली ही चौथी. लोक पेटलेले होते आणि ते साहजिक होते. ऐन उन्हाळ्यात मोटार बंद म्हणजे केळीचा बाग डोळ्यांदेखत माना टाकतो.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. चोरी कोणी केली हे ठरवणे समितीचे कामच नव्हते, ते पोलिसांचे आणि कोर्टाचे. पण बसली. एका एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचे नाव आले. त्याच्याबद्दल पुरावा काय? तो मागे कधीतरी भंगारवाल्याकडे कामाला होता. आणि त्याच्या हाताला जळक्या रबराचा वास येत होता, असे कोणीतरी सांगितल्याचे कोणीतरी सांगितले. पोरगा तिथे नव्हता. त्याची आई पाराच्या खाली, हातपंपाशी, डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

सगळ्यांत वयस्कर भाऊंनी सुरुवात केली. ते सज्जन माणूस आहेत, खोटे बोलणार नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, 'त्यानाच हात शे.' अहिराणी न येणाऱ्यांसाठी: त्याचाच हात आहे. त्यानंतर जे दहा-बारा जण बोलले त्यांच्या बोलण्यात नवीन काही नव्हते. भाऊ म्हणतात ते बरोबर, भाऊंना सगळं माहीत असतं, भाऊ उगाच नाही म्हणायचे. मग सगळे माझ्याकडे वळले. अमेरिकेहून आलेला माणूस, कोर्टात बसून आलेला. त्या चाळीस मिनिटांची लाज ज्याला पाठ आहे तो माणूस.

मी मान डोलावली.

बोलायला तोंड उघडणार होतो. मनात वाक्य तयार होते की हे आपण ठरवू नये, ज्यांची केबल गेली त्यांनी पोलिसात फिर्याद द्यावी. पण सुरुवातच अशी करायची होती की 'भाऊ, तुमचा त्रास मला समजतो', आणि त्या अर्थाने मान हलली. पुढचे वाक्य बोलायच्या आत तीन-चार जण उठलेही होते. 'झालं, ह्यांनीही सांगितलं.' दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्या पोराचा फोटो फिरला, खाली 'केबलचोर'. ग्रुपमध्ये दोनशे-अडीचशे माणसे, शेजारच्या गावांतलीही. मी तिथे लांबलचक मजकूर लिहिला. त्याला दोन अंगठे आले.

तेव्हा पत्रलेखकांनी आधी हे पाहावे. आपल्याकडे 'पंच' म्हटले की एक तर पारावरचे डोळ्यांपुढे येतात, नाहीतर पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारे, ज्यांतले कित्येक जण तो न वाचताच सही करतात. ज्युरी आली तर तीही याच माणसांतून येणार, माझ्यासारख्यांतून. वय, मान, शिक्षण ज्याचे जास्त त्याने आधी बोलायचे आणि इतरांनी री ओढायची, ही आपली बैठकीची रीत. लग्नाच्या बोलणीला ती ठीक असेल. कोणाच्या गळ्याशी येणाऱ्या बैठकीला ती चालत नाही. मी सरपंचांना सुचवले आहे की तंट्याच्या बैठकीत सगळ्यांत धाकट्याला आधी बोलू द्या, आणि बायका कोपऱ्यात बसतात त्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, भाऊ आणि मी शेवटी. ज्याच्यावर आळ आहे तो समोर नसेल तर बैठकच भरवू नका. ऐकीव गोष्ट निघाली की 'तुम्ही स्वतः पाहिलं का' एवढे एका माणसाने विचारायचे, तो माणूस आधीच नेमून ठेवा. सरपंच हसले आणि म्हणाले, धाकटा बोलणारच नाही. खरे आहे. पहिल्या दोन बैठकांत तो बोललाच नाही. तिसऱ्या बैठकीत, बांधाच्या भांडणात, तलाठ्याकडचा नकाशा कोणी पाहिला आहे का, असे त्याने विचारले. कोणीच पाहिला नव्हता.

आणि संपादक महोदय, थोडे आपल्याही दैनिकाबद्दल, छापाल की नाही ते आपण ठरवा. त्या केबलचोरीची बातमी आपल्या तालुका पानावर दोन कॉलम आली होती. पोराचे नाव नव्हते, पण गाव, वय आणि आडनावाचे पहिले अक्षर होते. आमच्या गावात त्या अक्षराचे एकच घर आहे. मथळ्यात 'चोरट्यास' असा शब्द होता. तेव्हा त्याच्यावर फिर्यादही दाखल झालेली नव्हती.

फिर्याद पुढेही झाली नाही. केबल कोणी नेली हे आजवर कोणाला कळलेले नाही, आणि मलाही माहीत नाही. पोरगा सुरतेला गेला. आमच्याकडची पोरे जातातच, पण हा आईला न सांगता पहाटेच्या गाडीने गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायची होती. त्याच्या आईने ओट्यावर सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी म्हटले, 'माय, त्या दिवशी पारावर मी चुकलो.' तिने कपबशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, 'भाऊ, तुम्ही तं काहीच नही बोलनात.'

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे)
ता. अमळनेर, जि. जळगाव